संचालक अपोफिया अटुहेरे

बारिगये सर कंपनी कायदा शिकवायला उभे राहिले की मागच्या बाकावरची पोरंही मोबाइल खिशात घालायची. म्बरारा शहरातल्या टेकडीवर आमचं खाजगी विद्यापीठ. तिथे ‘व्यवसाय कायदा आणि व्यवस्थापन’ या पदवीला आम्ही एकेचाळीस जण होतो आणि त्यातले निम्मे तरी सरांचं नाव ऐकूनच आले होते. सर कधी आवाज चढवत नसत. पांढरा शर्ट, हातात एक खडू, वही नाही. म्हणायचे, “कंपनीला हात नसतात, पाय नसतात, तोंड नसतं. ती संचालकाचे वापरते. म्हणून सही करताना एवढंच लक्षात ठेवा, की आपण आपलं अंग कुणाला तरी वापरायला देतोय.”

पहिल्या वर्षी त्यांनी आमच्याकडून कागदावर कंपन्या स्थापन करून घेतल्या. प्रत्येकाने संचालकाचं संमतीपत्र भरायचं, फोटो चिकटवायचा, ओळखपत्राची प्रत जोडायची, काळ्या शाईने सही करायची. दहा गुणांचं प्रॅक्टिकल होतं ते. अपोफियाची सही चौकटीबाहेर गेली म्हणून तिला परत करायला लावली. सगळे हसले, तीही हसली. कागद सरांनी गोळा करून नेले. ते परत मागायचं कुणाच्याच मनात आलं नाही.

अपोफिया अटुहेरे माझी खोलीतली सोबतीण. इसिंगिरोकडची, केळीच्या बागांमधली. वडील चर्चमध्ये प्रार्थना सांगायचे. उंच, सावकाश बोलणारी, आणि एक प्रश्न जास्त विचारायची सवय असलेली. उत्तर मिळालं की आपण गप्प बसतो, ती म्हणायची, “बरं, मग पुढे?” शिक्षकांना ते आवडायचंही आणि त्याचा राग पण यायचा.

तिसऱ्या वर्षी सर एका खटल्यासाठी महिनाभर राजधानीत, कंपालाला गेले. त्यांच्या जागी क्यारिसीमा नावाच्या तरुण बाई आल्या. पहिल्याच तासाला त्यांनी काम दिलं, “रोज डोळ्यांसमोर दिसते अशी एक कंपनी निवडा. नोंदणी कचेरीत जाऊन तिची फाईल काढा. ती कंपनी म्हणजे नेमकं कोण, ते वर्गात उभं राहून सांगा.”

आम्हा दोघींना शोधावं लागलंच नाही. आमच्या खिडकीसमोरच एका नव्या वसतिगृहाचं बांधकाम चालू होतं. चार मजले झाले होते, पाचवा व्हायचा होता. पत्र्याच्या कुंपणावर पाटी होती, ‘एन्योन्यी बांधकाम कंपनी’, आणि खाली पक्ष्याचं चित्र.

नोंदणी कचेरीतले म्हातारे कारकून शेंगदाणे खात बसले होते. त्यांनी फाईल आणली, उघडली, पहिलं पान पाहिलं, मग अपोफियाकडे पाहिलं. पुन्हा पान पाहिलं.

“स्वतःचीच फाईल बघायला आलीस का, पोरी?”

“म्हणजे?”

त्यांनी फाईल फिरवून आमच्यापुढे सरकवली. पानावर अपोफियाचा फोटो होता, शाळेचा निळा स्वेटर घातलेला. खाली नाव, गाव, ओळखपत्राचा क्रमांक. शेवटी सही, चौकटीत नीट बसवलेली.

अपोफियाने पानावर बोट ठेवलं आणि ते सहीवरून हळूच फिरवलं. मी घाईघाईने पुढची पानं उलटली, माझं नाव कुठे दिसतंय का ते बघायला. नव्हतं. दुसरा संचालक होता मेडार्ड ट्वेसिमे. हे नाव आम्हाला ठाऊक होतं. आमच्या एक वर्ष पुढे होता तो. हुशार मुलगा, आणि शेवटच्या परीक्षेआधी अचानक दिसेनासा झाला होता.

“तोही आला होता,” कारकून म्हणाले. “गेल्या वर्षी. असाच बघत बसला होता.”

“मग?”

“मग काय. परत आला नाही.” त्यांनी फाईल मिटली आणि शेंगदाण्याची टरफलं कागदात गोळा करू लागले.

मेडार्ड सापडला बिहारवेच्या दूध संकलन केंद्रावर. रबरी बूट घालून कॅन धूत होता. आम्ही कोण ते सांगितल्यावर त्याने आधी रस्त्याकडे पाहिलं, मग आम्हाला पत्र्याच्या आडोशाला नेलं.

“किती कंपन्यांत आहेस?” त्याने अपोफियाला विचारलं.

“एकीत. म्हणजे, एकच पाहिली.”

“मी तीन कंपन्यांत होतो. सरांकडे गेलो. त्यांनी चहा पाजला. म्हणाले, मेडार्ड, एकविसाव्या वर्षी तू तीन कंपन्यांचा संचालक आहेस, लोकांचं आयुष्य जातं तरी होत नाही. मग म्हणाले, तुझी पदवी माझ्याच सहीने निघणार आहे ना.” तो हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. “मी दुसऱ्या दिवशी घरी निघून आलो. गाई बऱ्या. गाई कागद भरून घेत नाहीत.”

“पोलिसांकडे का नाही गेलास?”

“सही माझीच आहे, बाई. मी काय सांगणार? प्रॅक्टिकल होतं म्हणून?” त्याने कॅन उपडा केला. “हे बघ, ऐक. झोपलेला साप आहे तो. तू काहीच केलं नाहीस, तर उद्या काही झालं तरी म्हणता येईल, मला ठाऊकच नव्हतं. पण एकदा हात लावलास, एक कागद लिहिलास, की झालीस तू खरी संचालक. सरांनीच शिकवलंय ना.”

परत येताना बसमध्ये मी म्हटलं, “तो बरोबर बोलतोय. दुसरी कंपनी घेऊ आपण. एखादी दूधवाली घेऊ.”

“मला बघायचंय,” अपोफिया म्हणाली, “माझं नाव काय बांधतंय ते.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पत्र्याच्या फाटकातून आत गेलो. मुकादम तिबेसिग्वा साठीच्या घरातले, अंगावर सिमेंटची पांढरी पूड, दात किडलेले. आधी त्यांनी आम्हाला हाकललं. मग अपोफियाने आपलं नाव सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणायला लावलं.

“अटुहेरे? कागदांवर असतं ते?”

“तेच.”

“मला वाटलं कुणी म्हातारा पुरुष असेल.” त्यांनी थापी उचलली. मग म्हणाले, “आलीच आहेस तर बघून जा.”

तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातल्या कॉलमला ताजा गिलावा केलेला होता. तिबेसिग्वांनी थापीच्या टोकाने तो खरवडला. आत तडा होता, वरून खाली तिरका गेलेला. त्यांनी त्यात चार बोटं घातली, पेरांपर्यंत.

“दोनदा बुजवला. वाळू दलदलीतली आहे, धुतलेली नाही. सिमेंट कमी. मी सांगितलं वरच्यांना. म्हणाले, तू गवंडी आहेस, गवंड्यासारखा राहा.”

“मग तुम्ही काम थांबवा ना, काका.”

“मी थांबवलं तर उद्या दुसरा मुकादम येईल. माझी माणसं काय काँगोत जाऊन विटा रचतील? खाली तळमजल्यावर तेवीस जण राहतात. तिथेच रांधतात, तिथेच झोपतात. शनिवारी पाचवा स्लॅब ओतायचाय. तो ओतला की...” त्यांनी तळहात दुसऱ्या तळहातावर सपाट ठेवला. “मला एक कागद दे. वरचा कुणी लिहून देईल असा एक कागद. मी तासाभरात माणसं बाहेर काढतो. कागद असला की मला कुणी काही करू शकत नाही.”

उतरताना मी पाहिलं. तळमजल्यावर एक बाई मोठ्या पातेल्यात मटोके, म्हणजे कच्ची केळी, शिजवत होती, केळीच्या पानांनी झाकून. दोन गवंडी भिंतीला टेकून जेवत होते. वरून बारीक धूळ पडली तसं एकाने ताटावर हात धरला. वर पाहिलंसुद्धा नाही.

नगरपालिकेत गेलो. तिथल्या माणसाने सांगितलं, साहेब सोमवारी येतील, अर्ज लेखी द्या. मग सहज म्हणून विचारलं, “तुम्ही कंपनीच्या कोण?”

अपोफिया वळून निघाली. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर मला म्हणाली, “त्याने बरोबर प्रश्न विचारला.”

शुक्रवारी सकाळी सर परतले. अपोफिया त्यांच्या खोलीत गेली आणि मला हाताला धरून सोबत नेलं. सरांनी आल्याचा चहा ओतला, आम्हा दोघींना. सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही.

“नोंदणीत गोंधळ झाला असेल,” ते म्हणाले. “सरावाचे कागद कुणीतरी खऱ्या कागदांत मिसळले. दुरुस्त करून घेऊ. वेळ लागतो, पण होतं.”

“तोवर?”

“तोवर तू काही करू नकोस. काहीही न करणं हा तुझा सगळ्यात भक्कम बचाव आहे. हे मी तुला शिक्षक म्हणून सांगतोय.”

“आणि तो कॉलम, सर?”

“कॉलम हा इंजिनिअरिंगचा विषय आहे, अपोफिया. आपला नाही.” त्यांनी तिचा कप तिच्याजवळ सरकवला. “थंड होतोय.”

ती चहा न पिता उठली. मी मात्र घाबरून सगळा प्यायले. दाराशी सर मला म्हणाले, “कोबुसिंगे, तू समंजस मुलगी आहेस. मैत्रिणीला सांभाळ.” इतक्या प्रेमाने म्हणाले की मी मान हलवली.

त्या दुपारी खोलीत तिने कागद लिहायला घेतला. नमुना सरांच्याच तासाच्या वहीतला. ‘एन्योन्यी बांधकाम कंपनीची संचालक या नात्याने मी असा हुकूम देते की इमारतीचं सर्व काम आजपासून थांबवावं, आणि एकही माणूस आत राहू नये, झोपू नये, रांधू नये.’ रांधू नये हे शब्द वहीत नव्हते, ते तिचे. खाली सही केली. मग कागद माझ्यापुढे केला.

“साक्षीदार हवा.”

मी म्हटलं, “अपोफिया, नको. मेडार्ड काय म्हणाला ते आठव. आत्ता तू सुटू शकतेस. या कागदानंतर नाही.”

“मला माहीत आहे.”

“तुझे वडील...”

“कोबु, खाली ती बाई मटोके शिजवतेय.”

मी पेन घेतलं. आणि जे केलं ते पुढे कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. मी नाव माझं लिहिलं, पण सही माझी केली नाही. पहिलं अक्षर वेगळं वळवलं, शेवटची रेघ उलटी ओढली. हात थरथरत होता म्हणून असं झालं, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होते. हात थरथरत नव्हता.

शनिवारी सकाळी तिबेसिग्वांनी कागद वाचला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत ठेवला आणि शिट्टी वाजवली. काँक्रीटचा मिक्सर नुकताच सुरू झाला होता, तो बंद केला. माणसं गाद्या, पातेली, रेडिओ घेऊन बाहेर पडली. मटोकेवाली बाई भांडली, “अर्धं शिजलंय, आता कुठे नेऊ?” एका गवंड्याने पातेलं उचललं आणि तिच्या मागून चालू लागला. बाराच्या सुमारास एक गाडी आली. त्यातला माणूस तिबेसिग्वांवर ओरडला. त्यांनी पिशवी काढून दाखवली, हातात दिली नाही. “संचालकाचा हुकूम आहे, साहेब. मी गवंडी आहे, गवंड्यासारखा राहतो.” तो माणूस म्हणाला, सोमवारी दुसरी टोळी येईल.

सोमवार आलाच नाही. रविवारी चर्चहून परतल्यावर, तिनाच्या पुढे, आम्ही खिडकीत कपडे वाळत घालत होतो. आधी आवाज आला, कुणी मोठं कापड फाडावं तसा. मग तिसरा मजला आत वाकला आणि वरचे त्याच्यावर बसले. एकदम नाही. सावकाश, म्हातारा माणूस बसतो तसे. मग धूळ आली आणि खिडकी दिसेनाशी झाली.

तळमजल्यावर कुणी नसायला हवं होतं. पण इस्माएल नावाचा, रोज गावातून कामाला येणारा गवंडी भिंतीची पातळी बघायची आपली लेव्हल आत विसरला होता. चांगली जर्मन लेव्हल, मालकाची नव्हे, स्वतःची. ती घ्यायला तो कुंपणाच्या फटीतून आत गेला होता. त्याला काढायला दोन दिवस लागले.

तेवीस माणसं वाचली हे कुणी मोजलं नाही. एक मेला हे मोजलं गेलं.

मंगळवारी पोलिसांनी अपोफियाला नेलं. तिचं म्हणणं त्यांनी लिहून घेतलं. “मला माहीत नव्हतं, सरावाचा कागद होता, कुणीतरी वापरला.” मग त्यांनी टेबलावर तिबेसिग्वांची प्लॅस्टिकची पिशवी ठेवली. “माहीत नव्हतं, तर हा हुकूम कुणी दिला? संचालक नव्हतीस, तर कोणत्या अधिकाराने? आणि इमारत पडणार हे तुला शुक्रवारी माहीत होतं, तर नगरपालिकेत लेखी का दिलं नाहीस?”

बुधवारी मला बोलावलं. तोच कागद. “ही तुझी सही का?” शेजारी माझी परीक्षेची उत्तरपत्रिका ठेवलेली होती. मी दोन्हीकडे पाहिलं.

“नाही,” मी म्हणाले. “माझी सही अशी नाही.”

ते खरं होतं. खोलीत परत आले तेव्हा जिन्यात सर भेटले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताचं वजन मला अजून आठवतं.

ते अपोफियाला कोठडीत भेटायला गेले होते. हे तिने मला नंतर सांगितलं. केळी आणि भाजलेलं मांस घेऊन गेले. म्हणाले, “मी तुझा खटला चालवतो. फी नको. फक्त मी सांगेन तेच बोलायचं.” तिने विचारलं, “तुमचं नाव त्या फायलीत का नाही, सर?” ते म्हणाले, “कारण मी शिकवतो.” तिने केळी पहारेकऱ्याला दिली.

सात महिने ती तुरुंगात होती, मग जामीन. खटला दोन वर्षं चालला. मेडार्डला समन्स गेलं तोवर तो सीमेपलीकडे रवांडात गेला होता. विद्यापीठाने तिचं नाव काढून टाकलं, शेवटचं सत्र राहिलेलं असताना. मी पास झाले. पहिल्या वर्गात.

तिबेसिग्वांनी मात्र साक्ष दिली. न्यायाधीशबाईंसमोर उभं राहून तेवीस जणांची नावं घेतली, एकेकाचं, गावासकट. म्हणाले, “हा कागद आला नसता तर हे सगळे मेले असते. मीही.” बाईंनी मनुष्यवधाच्या आरोपातून अपोफियाला सोडलं. पण निकालात असंही लिहिलं की आरोपीने संचालकाचे अधिकार वापरले, सबब ती संचालक होती व आहे. त्याच दिवशी सरकारी वकिलाने तिच्या नावावरच्या कंपन्यांची यादी वाचून दाखवली. एन्योन्यी धरून तीन.

मी तिला गेल्या ऑगस्टमध्ये भेटले. इसिंगिरोला, तिच्या वडिलांच्या बागेत. ती केळीची वाळलेली पानं कापत होती. आंबवलेल्या ज्वारीच्या बुशेराचा तांब्या आणून तिने माझ्यासमोर ठेवला. मी तो हातात घेतला आणि सगळं एका दमात सांगून टाकलं, सहीचं.

तिने कोयता खाली ठेवला नाही. “मला त्याच दुपारी कळलं होतं,” ती म्हणाली. “तीन वर्षं तुझ्या वह्या उतरवल्यात मी. तुझी सही मला येते.”

“मग काही बोलली का नाहीस?”

“तिबेसिग्वांना तुझी सही ओळखता येत नव्हती. त्यांना कागद हवा होता.” एक पान कापलं, दुसरं कापलं. “तू कचेरीत जाऊन तुझं नाव शोधलंस का?”

“नाही.”

“का?”

मी तांब्या तोंडाला लावला. तिने या वेळी ‘बरं, मग पुढे’ असं विचारलं नाही. त्या दोन वर्षांत तिची ती सवय गेली असावी, किंवा माझ्यापुरती गेली असावी.

सर अजून शिकवतात. आता विभागप्रमुख आहेत. त्या भेटीच्या आदल्या महिन्यात त्यांचा फोन आला होता, विभागात साहाय्यक व्याख्याता हवाय, तू ये. मी अजून नाही म्हटलेलं नाही. हेही अपोफियाला सांगितलं. ती पानं कापत राहिली.

निघताना तिने घरातून एक वही आणली. उरलेल्या दोन कंपन्या तिने शोधून काढल्या होत्या. एकीचा पत्ताच खोटा निघाला. दुसरीचा काबालेच्या रस्त्यावर पेट्रोलचा साठा आहे. जमिनीखाली टाक्या, आणि कुंपणाला लागून प्राथमिक शाळा. ती तिथे एकदा जाऊन आली होती.

“शाळेच्या मागे विहीर आहे,” ती म्हणाली. “मुलं म्हणतात, पाण्याला वास येतो.”

“पोलिसांना सांग. वर्तमानपत्राला सांग. तू नको जाऊस पुन्हा.”

“गेल्या आठवड्यात इथे एक गाडी आली होती. वडिलांना विचारून गेले, मुलगी घरी असते का म्हणून.” तिने वही माझ्या हातातून परत घेतली. “गुरुवारी जाणार आहे. मुख्याध्यापिकेला लेखी द्यायचंय, शाळा बंद ठेवा म्हणून. तिने विचारलं तुम्ही कोण, तर सांगायला माझ्याकडे उत्तर आहे. बाकी कुणाकडे नाही.”

फाटकापर्यंत ती मला सोडायला आली. रस्त्यापलीकडे आंब्याखाली एक पांढरी गाडी उभी होती, काचा वर केलेल्या, आत कोण ते दिसत नव्हतं. अपोफियाने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तुझी बस पाचला आहे,” ती म्हणाली. “चुकवू नकोस.”